अक्काचं मूळ आणि दमलेला डायनामो

आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. दिवाळीला बहीण आली नाही तर चालतं, पण आखाजीला आली नाही तर लोक विचारतात, काय झालं, भांडण झालं का. सासरच्या बाईला आणायला माहेरचा पुरुष जातो, त्याला आम्ही मूळ म्हणतो. मूळ आल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही, मग ती वीस वर्षांची असो की ऐंशीची. माझी अक्का ऐंशीच्या पुढची आहे.

आमचं गाव चोपड्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. अक्काचं सासर पार दुसऱ्या टोकाला, धुळं ओलांडून, साक्री ओलांडून, पिंपळनेरच्या वाटेवर. मधली काही वर्षं तिचे गुडघे धरले म्हणून ती आली नव्हती. पण गेल्या पावसाळ्यात आमचा मोठा भाऊ वारला. आखाजीला आम्ही गेलेल्यांच्या नावानं मातीची घागर भरतो, वर खरबूज ठेवतो, विस्तवावर पुरणपोळीचा घास देतो. मोठ्या भावाची ही पहिली घागर. अक्कानं फोनवर सांगितलं, "त्यानी घागर मी भरसू. पण मी काचबंद गाडीमा बसत नही. मना जीव घाबरस. तुनी जीप लई ये."

माझ्या पोराकडे, सुनीलकडे, थंड हवेची गाडी आहे. माझ्याकडे जीप आहे. ती सुनीलच्या लग्नाच्याही आधीची. तिला दारं नाहीत, वर कापडी टप आहे, वारा सरळ आत येतो. सुनील म्हणाला, "आबा, एक बोलू का? ही गाडी मागच्या वर्षात किती वेळा रस्त्यात बसली? आत्याला घेऊन रानात उभे राहाल."

मी म्हणालो, "उभा राहणार नाही."

"आणि राहिलात तर?"

"राहिलो आणि तुला बोलवायला फोन केला, तर त्या दिवसापासून किल्ली तुझी. तू ती भंगारात घाल की गोठ्यात उभी कर."

हे मी ओट्यावर चार माणसांत बोललो. सुनीलनं मान हलवली आणि विषय तिथं संपला. आमच्या घरात शब्द कागदावर लिहीत नाहीत.

तापी ते अमळनेर

सकाळी लवकर निघालो. उन्हाळ्यात आमच्या भागातून जायचं तर सूर्य वर यायच्या आत निघावं. दोन्ही बाजूला केळीच्या बागा, त्यात गारवा धरून ठेवलेला असतो. तापीचा पूल आला आणि गारवा संपला. पुलाच्या पलीकडे कापसाची रिकामी रानं, नांगरून उताणी पडलेली. नदीत पाणी मधोमध, कडेच्या वाळूत टरबुजाचे वेल. ज्यांनी हा पूल एप्रिल-मेच्या सकाळी पाहिला नाही त्यांना सांगतो, वरून ते वेल हिरव्या गोधडीसारखे दिसतात.

अमळनेरच्या पुढे रस्त्याला एक बाई खरबुजं घेऊन बसली होती. मी उतरलो, एक खरबूज चिरून खाल्लं, एक अक्कासाठी घेतलं. परत बसून किल्ली फिरवली तर गाडी म्हणाली, टक. पुन्हा फिरवली, टक. पुढे काही नाही.

खरबूजवाली म्हणाली, "बाबा, गाडी बी खरबूज मांगी ऱ्हायनी का?"

मी म्हणालो, "धक्का मार म्हणते."

तिनं शेजारच्या रसवंतीवरच्या माणसांना हाक मारली. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का दिला, गाडी चालू झाली. आता कोणीही शहाणा माणूस शोधेल की दुखणं कुठे आहे. मीही शोधलं. गाडीत वीज दोनच ठिकाणी असते. एक बॅटरीत, ती साठवलेली. दुसरी डायनामोत, तो इंजिनाबरोबर पट्ट्यावर फिरतो, वीज तयार करतो आणि बॅटरी भरत राहतो. नवी पोरं त्याला अल्टरनेटर म्हणतात. नाव बदललं म्हणून काम बदलत नाही.

डायनामो जिवंत आहे की मेला हे पाहायची रीत मी तरुणपणी कापसाच्या एका जिनिंगच्या ड्रायव्हरकडून शिकलो. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची एक तार उपसायची. इंजिन बंद पडलं तर डायनामो मेला. चालूच राहिलं तर डायनामो चांगला, बॅटरी खराब. मी बॉनेट उघडलं, तार उपसली. इंजिन धडधडत राहिलं, ढिम्म हललं नाही. मी रसवंतीवाल्यांना म्हणालो, "पाहा. डायनामो ठणठणीत. बॅटरीच बसली." त्यांनीही माना हलवल्या. मग तार लावली आणि निघालो. अक्काच्या दारापर्यंत गाडी बंद केली नाही. धुळ्यात चहा घेतला तो जीपमध्ये बसून, इंजिन चालू ठेवून.

अक्काच्या गावी

कुसुंबा, नेर सोडलं की रस्त्याची चाल बदलते. आमच्याकडे जमीन सपाट, नजर सातपुड्यापर्यंत जाते आणि तिथं थांबते. तिकडे डोंगर तुकड्या-तुकड्यानं येतात, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. माळावर पळस, मोह. आमच्याकडे पाहुणा आला की केळीचं पान कापून आणतात. तिकडे पळसाच्या पानाची पत्रावळ. आमच्या बाया भाकर ज्वारी-उडदाच्या कळण्याची करतात तशीच त्याही करतात, पण त्या उडीद सढळ हातानं घालतात. मला ती थोडी चिवट लागते. हे मी अक्कासमोर बोललो नाही.

अक्का ओट्यावर बसलेली होती. मला पाहून उठली नाही.

"उना का रे धुडकू? आते टाइम भेटना तुले?"

"उनू अक्का."

"गाडी एसटीपेक्षा जास्त वाजस तुनी."

माझं वय सत्तरीच्या पुढे गेलं आहे, गावात लोक मला आबा म्हणतात, मी सरपंचालाही उभा करतो. पण अक्कानं धुडकू म्हटलं की मी आपोआप चपला नीट काढून ठेवतो.

अक्काच्या घरची एक पद्धत आमच्याकडे नाही. मूळ घेऊन आलेल्या बैलांचे पाय ते लोक धुतात, मग माणसांना पाणी देतात. बैल तर आता कोणी आणत नाही. सुनेनं विचारलं, आता काय धुवायचं. अक्का म्हणाली, "बैलना पाय धुतस ना, मंग हेना बी धुवा." तिचा मुलगा भगवान पाण्याच्या मोटारीची नळीच घेऊन आला. चाकं धुतली, त्याला जोर चढला आणि त्यानं पुढच्या जाळीतून आतही पाणी मारलं. वर कुंकू लावलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी डुबुक वड्यांची आमटी, ती कळण्याची भाकर, कैरीचं पन्हं. भगवान ट्रॅक्टर चालवतो, त्याला गाडीतलं कळतं. जेवताना मी त्याला बॅटरीचं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तार काढीसन दखं? कोन सांगं तुमले?" मी म्हणालो, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी अशीच पाहतो. तो आमटीत भाकर कुस्करू लागला. मामाला भाच्यानं शिकवायचं नसतं, इतकं वळण अक्कानं त्याला लावलं आहे.

सकाळी गाडीनं टकसुद्धा म्हटलं नाही. भगवाननं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. ती मोठी, आमच्या जागेत बसेना. मग ती तिरकी ठेवली, सुती नाड्यानं बांधली, बॉनेट अर्धवट उघडं राहिलं तेही बांधलं. किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. पण सुरू होताच पुढून अशी किंचाळली की ओसरीवरची शेळी दावं तोडून पळाली.

भगवान म्हणाला, "पट्टा ओरडस मामा. पानी गयं तठे. नहीतं ढिला शे."

जरा वेळानं आवाज थांबला. मी म्हणालो, पाणी सुकलं, संपलं. त्यानं अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला. तो बराच दबत होता. पाना घेऊन त्यानं तो ताणला. मी त्याला ताणू दिला. मनात म्हटलं, पोराच्या हाताला काम.

अक्का गाडीत बसली. मांडीवर मांडे भाजायचं मातीचं खापर, फडक्यात बांधलेलं.

मी म्हणालो, "अक्का, आपल्या घरी खापर नाही का?"

"तुमना घरनं खापर दखेल शे मी. मांडा चिकटस त्याले."

दीडशे किलोमीटर तिनं ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

साक्री, नेर, कुसुंबा

परतीच्या वाटेवर अक्काच्या ओळखी फार. साक्रीला तिची चुलतनणंद. नेरला एक बाई, जिच्याशी नातं काय ते मला अजून कळलं नाही. कुसुंब्याला पाणी प्यायला. प्रत्येक ठिकाणी मी गाडी बंद केली, कारण नुसतं डिझेल जाळत उभं राहणं मला पटत नाही. आणि बॅटरी आता दांडगी होती, भीती कशाची. साक्रीहून निघताना इंजिन सुरू झाल्यावर मी मुद्दाम पुन्हा तार उपसून अक्काला दाखवलं.

"हाई काय करी ऱ्हायना तू?"

"डायनामो तपासतो. पाहा, चालूच आहे. म्हणजे चांगला आहे."

अक्कानं पाहिलं. ती शाळेत गेली नाही, मी तिसरीपर्यंत गेलो.

नेरला किल्ली फिरवली तर स्टार्टरचा आवाज जड आला. कुसुंब्याला त्याहून जड. मोठा माणूस झोपेतून उठायला कुरकुरतो तसा. अक्का म्हणाली, "सकाळे कशी कुदीसन चालू व्हयनी. आते कन्ही ऱ्हायनी." मी हॉर्न दाबून पाहिला. हॉर्नचा आवाजही बसलेला होता. सर्दी झालेल्या माणसासारखा.

कुसुंब्यापासून धुळ्यापर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बॅटरी दुसऱ्याची, मोठी, काल ट्रॅक्टरवर होती, ठणठणीत. तिलाही तेच झालं. बैल बदलला तरी गाडा तिथंच अडतो, तर दोष बैलाचा नाही. पण माझी परीक्षा तर सांगत होती की डायनामो चांगला आहे. दोन्ही खरं कसं असेल?

अक्कानं खापर सावरलं आणि म्हणाली, "तुले बठ्ठं समजस, मंग हाई चालत काबर नही?"

धुळ्याच्या अलीकडे मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानासमोर गाडी उभी केली.

धुळं

दुकानदार इकबालभाई. माझ्याच वयाचा, दाढी मेंदीनं लाल, आणि बोलायला माझ्यापेक्षा एक पायरी वरचढ. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, समोर कडुलिंब. अक्काला त्यानं आधी सावलीत खाट दिली, माठातलं पाणी दिलं. खापर पाहून म्हणाला, "आपा, ये नीचे रखो, मैं देखता हूं." अक्का म्हणाली, नको.

मी त्याला सांगितलं की डायनामो चांगला आहे, बॅटऱ्या मात्र दोन बसल्या.

"दोनों बॅटरी खराब?"

"हो."

"एक के बाद एक?"

"हो."

"चाचा, दोन बायका पळून गेल्या तर माणसानं स्वतःकडे पाहावं की नाही?"

अक्का खाटेवर हसली. मी म्हणालो, थांब, दाखवतो. इंजिन चालूच होतं. मी वाकून तार धरली, इतक्यात त्यानं माझं मनगट पकडलं.

"अरे रुको! ये पेट्रोल की गाडी है क्या?"

"डिझेल आहे."

"मग? पेट्रोलला ठिणगी लागते, ठिणगीला वीज. डिझेल तर दाबानं पेटतं. एकदा चालू झालं की बॅटरी काढून विहिरीत टाका, डायनामो काढून गळ्यात घाला, तरी चालेल. तार काढून काय साबित झालं?"

मी उभा राहिलो. जिनिंगचा तो ड्रायव्हर, त्याची गाडी, सगळं डोळ्यापुढे आलं. त्याची गाडी पेट्रोलची होती. रीत खोटी नव्हती. मी ती चुकीच्या जनावरावर वापरत होतो. म्हशीचे दात पाहून बैलाचं वय सांगावं, तसं.

मी त्याला म्हणालो, "हे तू बरोबर बोललास." आणि काल-आज दोनदा तार उपसल्याचंही सांगून टाकलं.

तो म्हणाला, "और सुनो. चालत्या इंजिनवर तार काढली की डायनामोच्या आत झटका बसतो. जुना डायनामो सहन करायचा, हा नाही करत. अधमेला होता, तुम्ही दोन दिवसांत त्याला अजून दोन लाथा घातल्या."

मग त्यानं मीटर आणला. ते पाहणं मला आवडलं, म्हणून लिहितो. आधी इंजिन बंद न करता बॅटरीवर दोन टोकं लावली. काटा बाराच्या खाली. म्हणाला, डायनामो जिवंत असता तर हा चौदाच्या आसपास असता. मला पेडल दाबायला सांगितलं. इंजिन गरजलं, काटा जागचा हलला नाही. दिवे लावले, काटा आणखी खाली गेला. "घरात कमावणारा झोपलाय आणि खाणारे जेवतायत," तो म्हणाला. पट्टा पाहिला, म्हणाला, हा कोणीतरी नुकताच ताणलाय, चांगला ताणलाय, पट्ट्याचा दोष नाही. भगवानचं नाव मी तिथं घेतलं. भाच्याचं श्रेय भाच्याला द्यावं.

मग डायनामो उतरवला आणि खोलला. आत कोळशाचे दोन तुकडे असतात, ब्रश म्हणतात त्यांना, ते तांब्याच्या दोन कड्यांवर घासतात आणि तिथून वीज आत जाते. ब्रश झिजून नखाएवढे राहिले होते. ते त्यानं नवे टाकले असते. पण कड्यांवर खोल चाकोऱ्या पडल्या होत्या, बैलगाडीच्या रस्त्यावर पडतात तशा. इकबालभाई म्हणाला, "ह्याच्यावर नवा ब्रश दोन दिवसांत जाईल. कड्या लेथवर घासाव्या लागतील. आणि लेथवाला आज नाही."

"कुठे गेला?"

"नंदुरबारला. बहिणीला आणायला."

तोही मूळ म्हणून गेला होता. दुसऱ्या लेथवाल्याकडे त्यानं फोन लावला, तो म्हणाला, संध्याकाळी या. संध्याकाळी म्हणजे मुक्काम. आणि उद्या सकाळी आखाजी.

अक्का खाटेवरून म्हणाली, "घागर सकाळे भरतस. दुपारले भरीसन काय फायदा?"

मी इकबालभाईला विचारलं, "तूच म्हणालास डिझेल बॅटरीशिवाय चालतं. मग मी असाच जातो."

तो हसला. "जाओ. डायनामो परत बसवून देतो, पट्टा पाण्याचा पंप फिरवतो म्हणून तो पाहिजेच. बॅटरी चार्जरवर लावतो, जेवढी भरेल तेवढी. पण इंजिन बंद करायचं नाही, घर येईपर्यंत. आणि सूर्य असेपर्यंत पोचायचं. दिवे लावलेत की तुमची शिल्लक संपली."

बॅटरी भरेपर्यंत त्यानं आमच्यासाठी घरून शेवभाजी मागवली. धुळ्याची शेवभाजी आमच्यापेक्षा तिखट असते आणि तेल वर तरंगतं. अक्काला तिखट सोसत नाही, तिनं पाव नुसत्या दह्याशी खाल्ला. निघताना इकबालभाई म्हणाला, "चाचा, तार को हात मत लगाना." मी म्हणालो, नाही लावणार. माणूस चुकताना सापडला की कबूल करावं, त्यात उंची कमी होत नाही. फक्त तसं रोज सापडू नये.

अमळनेरचा बाजार

इंजिन बंद न करता एका ऐंशीच्या बाईला घेऊन चालणं सोपं नाही. तिला उतरायचं असतं, पाणी प्यायचं असतं, पाय मोकळे करायचे असतात. ती उतरली की मी पेडलवर पाय ठेवून बसायचो. ती म्हणाली, "तू उतरत काबर नही?" मी म्हणालो, मी राखण करतो.

अमळनेरला आखाजीचा बाजार फुललेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूला मातीच्या घागरी, लाल, काळ्या, एकावर एक. खरबुजांचे ढीग. पोरींच्या बांगड्या, झोक्याचे दोर. असा बाजार पाहायचा तर आखाजीच्या आदल्या दिवशी यावं, एरवी नाही. पण त्यातून जीप काढायची वेळ येऊ नये. गर्दी इतकी की चाक फिरेना. इंजिन तापलं, वाफ यायला लागली. मी बॉनेटचा नाडा सोडला, हवा लागू दिली. मागचा रिक्षावाला ओरडत होता, "बाबा, गाडी बंद करा, धूर लागतो!" मी त्याला म्हणालो, बंद केली तर तुलाच धक्का मारावा लागेल.

अक्कानं गाडीत बसूनच घागर निवडली. कुंभारणीनं पाच दाखवल्या, अक्कानं प्रत्येकीवर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. शेवटची घेतली. म्हणाली, "दादाले असाच आवाज आवडे." दादा म्हणजे आमचा मोठा भाऊ. एक हात खापरावर, एक घागरीवर.

बाजारातून बाहेर पडायला फार वेळ गेला. सूर्य डावीकडे खाली उतरत होता आणि मी त्याच्याकडे पाहत गाडी हाकत होतो.

तापीच्या अलीकडे

सूर्य गेला तेव्हा तापीचा पूल अजून पुढे होता. संधिप्रकाशात काही वेळ चाललो. मग दिवे लावावे लागले. आधी पिवळा उजेड पडला, मग तो विस्तवासारखा लाल झाला, मग माझ्या बॉनेटपुढे नुसता अंधार. इंजिन मात्र मजेत धडधडत होतं. त्याला काय, त्याला दिसायची गरज नाही.

मला तो रस्ता पाठ आहे. डोळे मिटून घरी गेलो असतो, इतका. हे मी मनात म्हणतच होतो की समोरून केळीचा ट्रक आला. त्यानं आम्हाला फार उशिरा पाहिलं. हॉर्न, ब्रेक, धूळ, आणि तो आमच्या अंगावरून गेल्यासारखा बाजूनं गेला. मी गाडी कडेला घेतली. अक्काच्या हातातली घागर शाबूत होती. तिनं ती छातीशी धरली होती.

इंजिन चालू.

मी म्हणालो, "अक्का, थोडंच राहिलंय. हळूहळू जाऊ."

ती म्हणाली, "मनं माहेर कोठे पळी जाई ऱ्हायनं?"

"तसं नाही..."

"पोऱ्याले फोन लाव."

तिला ओट्यावरचं काही माहीत नव्हतं. माझ्या शब्दाचं, किल्लीचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. खिशातून फोन काढला. तो हातात धरून थोडा वेळ बसलो. आणखी एक ट्रक गेला, त्याच्या उजेडात अक्काचं तोंड दिसलं. ते आमच्या आईसारखं दिसायला लागलंय, हे मला तेव्हा समजलं.

मी फोन लावला. म्हणालो, "सुनील, पुलाच्या अलीकडे आहे. गाडी चालू आहे, दिवे नाहीत. तू ये. ओढायला नाही, पुढे चालायला."

तो म्हणाला, "आलो आबा." एवढंच. फोनवर तो एक शब्द जास्त बोलला असता तर मी काय केलं असतं माहीत नाही.

तो आला, गाडी वळवली, आमच्या पुढे लावली. अक्काला म्हणाला, "आत्या, इकडे बसा, गार आहे." अक्का म्हणाली, "मी मना मूळबरोबर उनू. त्यानाच बरोबर जासू." मग सुनील पुढे, मी मागे. त्यानं मागचे दिवे चालू ठेवून गाडी इतकी हळू हाकली की सायकलवाला पुढे जाईल. त्याच्या उजेडात मला रस्त्याची कड दिसत होती. तापी खाली कुठेतरी काळी होती. पुलावर वारा गार होता. त्या वाऱ्यात अक्का डुलकी घेऊ लागली, खापर आणि घागर तसंच धरून.

घरी

दारात बाया उभ्या होत्या. अक्कावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. तिला आत नेलं. मी इंजिन बंद करायची तार ओढली. दिवसभराचा आवाज एकदम गेला आणि कान दुखायला लागले.

सुनील त्याच्या गाडीजवळ उभा होता. मी किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

मला वाटलं होतं तो म्हणेल, राहू द्या आबा. तसं तो म्हणाला नाही. किल्ली घेतली, खिशात घातली, म्हणाला, "जेवून घ्या." मला बरं वाटलं. शब्द घेणाऱ्यानं तो घ्यावा. परत देऊन माझ्यावर उपकार केला असता तर तो मला जन्मभर बोचला असता.

सकाळी अक्कानं दादाची घागर भरली. वर खरबूज ठेवलं, तिच्या खापरावर तिनं पुरणाचे मांडे केले, विस्तवावर घास दिला. मांडे चिकटले नाहीत. चार दिवस घरात ती होती, पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि ती शब्द चुकले की आतून ओरडून सुधारत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, पोचवा मला. आणि पोचवायचं तर जीपनंच.

सुनीलनं दरम्यान डायनामो चोपड्याला नेऊन कड्या घासून, ब्रश टाकून आणला होता. मला विचारलं नव्हतं. किल्ली त्याची, गाडी त्याची. सकाळी त्यानं गाडी अंगणात चालू केली. पहिला गिअर पडला. दुसरा पडेना. करकर, करकर. तो गिअर कसा पडतो हे मी कोणाला सांगितलेलं नाही. क्लच अर्धा सोडून मनगट जरा आत वळवावं लागतं. मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. अक्का खापर घेऊन गाडीत बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

तिसऱ्या खेपेला सुनील गाडीतून उतरला, ओट्यापर्यंत आला आणि म्हणाला, "आबा, शेजारी बसता का?"

मी आधी चहा संपवला. मग उठलो.